नाक दुसऱ्यांदा उघडताना

नाकावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घ्यायला येणाऱ्या माणसाच्या तक्रारी बहुधा दोन असतात, पण तो आधी एकच सांगतो. लग्नाचं बघत असलेली मुलगी आरशातल्या नाकाबद्दल बोलते. ती रात्रभर तोंड उघडं ठेवून झोपते हे तिची आई मागाहून सांगते. ट्रेलर चालवणारा माणूस श्वासाबद्दल बोलतो. बसलेल्या नाकामुळे लोक वळून बघतात, हे बोलायला त्याला संकोच वाटतो. उपचार करणारेही असेच वाटले गेले आहेत. श्वासासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि रूपासाठी प्लास्टिक सर्जन. बिघडलेलं नाक पुन्हा करताना रूप आणि श्वास दोन्ही परत आणता येतात का, कशाच्या बळावर, आणि आजवर हे कसं होत आलं, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो. ही दोन कामं नाहीत, एकच आहे. ज्यांनी ती वेगळी केली, त्यांच्याच हातून दुसऱ्या शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज निर्माण झाली.

रायगड जिल्ह्यातल्या जासईसारख्या गावात हा प्रश्न सौंदर्याच्या हौसेतून येतो असं समजणं चूक ठरेल. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं हे गाव, १९८४ च्या शेतकरी आंदोलनाचं गाव. आज त्याच्या शिवारातून न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर दिवसरात्र धावतात, आणि शेजारच्या चिर्ल्याला अटल सेतू येऊन टेकतो. अशा रस्त्यावर मोटारसायकल घसरली की सर्वांत आधी आपटतं ते नाक. चेहऱ्याच्या हाडांत सर्वांत जास्त वेळा मोडणारं हाड नाकाचंच. पुढची गोष्ट ठरलेली असते. घोळणा फुटतो, बर्फ लावला जातो, रक्त थांबतं, एक्स-रे निघतो, दुखणं कमी होण्याच्या गोळ्या मिळतात आणि माणूस घरी येतो. सुजेखाली नाकाचा वाकडेपणा झाकला जातो. सूज उतरेपर्यंत हाड वाकड्या जागी धरू लागतं. मोठ्या माणसाचं मोडलेलं नाक साधारण दोन आठवड्यांच्या आत, लहान मुलाचं त्याहूनही लवकर, साध्या हातानं जागेवर बसवता येतं. ती वेळ गेली की हाड पुन्हा तोडूनच बसवावं लागतं. काही महिन्यांनी एक नाकपुडी बंद वाटते, कुणी सांगतं ‘हाड वाढलंय’, आणि आतला पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया होते. बाहेरचं नाक मात्र वाकडंच राहतं. वाकड्या नाकात सरळ पडदा टिकत नाही. वर्षभरात श्वास पुन्हा अडतो आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

नाक पुन्हा उभं करण्याच्या विद्येचा जगभर गाजलेला एक तपशीलवार वृत्तांत आपल्याच मुलखातला आहे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला होता. नाव पारशी वाटतं, पण वृत्तांतात तो मराठा शेतकरी असल्याचं म्हटलं आहे. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचं वर्णन छापून आलं. जेम्स वेल्स यांनी काढलेल्या कावसजीच्या चित्रावरून केलेला छापाही तिकडे पोचला.

ते वर्णन आजच्या सर्जननंही सावकाश वाचावं असं आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार द्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती रेघ ओढायची. त्या रेघेतली कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे तिच्यातून रक्त येत राहतं. मग ती कातडी अर्धा वेढा देऊन खाली आणायची आणि तासलेल्या कडांच्या खाचेत बसवायची. वरून लावायचं ते आपल्या पानातल्या कातात भिजवलेलं कापड, पाच-सहा घड्या एकावर एक. चार दिवसांनी ते काढून तुपात बुडवलेल्या चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला मधली पट्टी कापायची.

त्या वृत्तांतातल्या दोन गोष्टींवर इतिहास लिहिणारे फारसे थांबत नाहीत. माझ्या मते त्याच या विषयाच्या मुळाशी आहेत. एक म्हणजे पट्टी कापताना नव्या नाकाचं रूप सुधारावं म्हणून पुन्हा थोडं कोरकाम करावं लागतं, असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे दुसरा हात फिरवणं हा पद्धतीचाच भाग होता. तो पहिल्या कामाचा पराभव मानला जात नव्हता. दुसरी म्हणजे दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, कशासाठी, तर त्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून. पुण्याजवळच्या त्या अनामिक कारागिराच्या डोक्यात रूप आणि श्वास ही दोन खाती नव्हती.

सुश्रुतसंहितेत तर हे आणखी जुन्या काळापासून आहे. तिथं कातडी कपाळाची नव्हे, गालाची घ्यायला सांगितली आहे आणि नाकाचं माप झाडाच्या पानावर घ्यायला. नाकात दोन नळ्या घालायच्या. जखम भरून आल्यावर नाक तोकडं वाटलं तर वाढवायचा प्रयत्न करायचा आणि मांस जास्त वाढलं असेल तर ते सारखं करायचं, असंही तो ग्रंथ सांगतो. फेरशस्त्रक्रियेचा याहून जुना नियम मला ठाऊक नाही.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी पुण्याचा वृत्तांत वाचला, मृतदेहांवर वर्षानुवर्षं सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी जिवंत माणसावर ही शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ‘भारतीय पद्धत’ हे नाव युरोपभर रूढ झालं. पण या पद्धतीत एक उणीव होती. कपाळाची कातडी बाहेरून नाक झाकते. आतली बाजू उघडी, कच्चीच राहते. उघडी जखम भरताना आक्रसते आणि आक्रसताना नाकपुडी ओढून बंद करते. पुण्याच्या बोळ्यांचं कारण हेच होतं. या उणिवेवर एक पक्का तोडगा निघाला तो होळकरांच्या इंदुरात. तिथले सर्जन डी. एफ. कीगन यांच्याकडे नाक कापले गेलेले कितीतरी लोक येत. त्यांनी नाकाच्या हाडावरची उरलेली कातडी खाली दुमडून तिचं आतलं अस्तर केलं आणि त्यावर कपाळाची कातडी पांघरली. त्यांचं पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झालं. आत अस्तर, मध्ये आधार, बाहेर आवरण, हा आजचा नियम अशाच कामांतून बनत गेला.

आवरण शाबूत असून अस्तर गेलं तर काय होतं, हे महाराष्ट्रानं कुष्ठरोगात पाहिलं. या रोगाचे जंतू शरीराच्या थंड भागात वाढतात आणि नाकाचं आतलं अस्तर हा तसाच भाग. अस्तर जळतं, पडदा विरतो, पुढचं छोटं हाड झिजतं आणि नाक आत ओढलं जातं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की नाकच गळून पडलं. खरं तर कातडी तिथंच असते, आतल्या बाजूनं ताणलेली. मांडवाचे खांब काढून कापड आतून ओढून घेतलं, तर वरचं कापड कमी पडल्यासारखं दिसेल, तसं. हे ओळखलं ब्रिटिश सर्जन हॅरोल्ड गिलीस यांनी. वरच्या ओठाच्या आतून वाट काढून ते नाकाच्या पोकळीत मांडीची पातळ कातडी अस्तर म्हणून बसवत. गिलीस यांच्याकडे शिकून आलेल्या नोशीर अँटिया यांनी पुण्याच्या कोंढवा इथल्या कुष्ठरोग्यांवर हे तंत्र वापरलं, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीला घडवलं. हेच अँटिया नंतर मांडव्याच्या परिसरात गावकऱ्यांच्या आरोग्याचं काम करत राहिले. रायगडच्या लोकांनी त्यांना त्या कामासाठी ओळखलं. पनवेलजवळच्या नेरे इथलं कुष्ठरुग्णांचं शांतिवन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या चेहऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. १९८० च्या दशकात आलेल्या बहुऔषधी उपचारांमुळे अशी नाकं आता विरळ झाली. मात्र अस्तराचा धडा आजच्या प्रत्येक फेरशस्त्रक्रियेत तितकाच लागू आहे.

रूप आणि श्वास यांची ताटातूट झाली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. १८९८ मध्ये बर्लिनच्या याकोब योसेफ यांनी मोठं नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती नाकाच्या आतून, बाहेर व्रण न ठेवता करायला सुरुवात केली. त्याच सुमाराला अमेरिकेत फ्रीर आणि जर्मनीत किलियन यांनी वाकडा पडदा काढून टाकण्याची पद्धत पक्की केली. रूपाची शस्त्रक्रिया एका हाती गेली आणि श्वासाची दुसऱ्या. दोघांचाही कल मात्र एकाच गोष्टीकडे होता, तो म्हणजे काढण्याकडे. उंचवटा काढा, शेंड्याची कूर्चा काढा, पडदा काढा. साठ-सत्तर वर्षं जगभर हेच चाललं. आज ज्या नाकांना दुसरी शस्त्रक्रिया लागते, त्यातल्या पुष्कळांमध्ये पहिल्या वेळी कमी काढलं गेलं नव्हतं, गरजेपेक्षा जास्त काढलं गेलं होतं.

नाकाच्या रचनेकडे पाहिलं की हे कसं घडतं ते समजतं. वरच्या एक-तृतीयांश भागात हाड आहे, बाकी सगळं कूर्चेचं. मधला पडदा उभा खांब. त्याला दोन्ही बाजूंनी टेकलेल्या वरच्या कूर्चा. शेंड्याला कमानीसारख्या खालच्या कूर्चा. वरची कूर्चा पडद्याला जिथं मिळते, तिथं साधारण १० ते १५ अंशांचा कोन असतो. तिथली फट हा संपूर्ण श्वासमार्गातला सर्वांत अरुंद भाग. हवेला होणारा निम्म्याच्या आसपास अडथळा एकट्या नाकात होतो आणि त्यातला मोठा वाटा या फटीचा. नळीतून सरळ वाहणाऱ्या हवेचा नियम असा, की त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा सोळा पट होतो. नाक म्हणजे सरळ नळी नव्हे, तरी इथं एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर काय होईल याची कल्पना यावरून येते. उंचवटा तासताना वरच्या कूर्चा पडद्यापासून सुटतात. त्या पुन्हा बांधल्या नाहीत तर आत कोसळतात. समोरून पाहिलं तर नाकाच्या मधोमध चिमटा काढल्यासारखी सावली पडते आणि त्याच जागी श्वास अडतो. रूपातलं व्यंग आणि श्वासाचा अडथळा, दोन्ही एकाच जागेतून आलेले.

गाल बोटांनी बाहेर ओढून श्वास मोकळा होतो का, हे रुग्ण स्वतः पाहू शकतो. तो मोकळा झाला तर फटीवर संशय घ्यायचा. चांगल्या नाकातही थोडा फरक पडतोच, म्हणून तेवढ्यावर निदान करायचं नसतं.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या जॅक शीन यांनी पडदा आणि वरची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन बारीक पट्ट्या बसवण्याची पद्धत मांडली. पट्टी काही मिलिमीटर रुंद. तिनं फट उघडली आणि नाकाच्या पाठीवरची चिमटलेली रेघही सरळ झाली. माझ्या मते या शतकभराच्या भांडणाचा निकाल त्या एका पट्टीनं लावला. त्याच काळात नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर छोटा छेद घेऊन नाक वर उचलून सगळी रचना उघड्यावर पाहण्याची पद्धतही रूढ होत गेली. फेरशस्त्रक्रियेत ती फार मोलाची ठरते, कारण आत काय शिल्लक आहे हे हातानं चाचपून कळत नाही. पहिल्या सर्जननं काय सोडलं आणि काय नेलं ते पाहावं लागतं.

मग अडचण येते ती सामानाची. पडद्याची कूर्चा सर्वांत चांगली. सरळ, पातळ, त्याच जागेतली. पण पहिल्या शस्त्रक्रियेत ती बहुधा गेलेली असते. पडद्याची वरची आणि पुढची कड मिळून साधारण १० मिलिमीटर रुंदीचा काटकोन तरी राखावा लागतो, नाहीतर नाक मधोमध बसतं. उरलेला मार्ग म्हणजे कान आणि बरगडी. कानाची कूर्चा वळणदार आणि लवचीक. शेंडा आणि नाकपुडीच्या कडा सावरायला उत्तम, पण कोसळलेला खांब तिच्यावर पेलत नाही. पूर्ण खचलेल्या नाकाला बरगडीच लागते. सहाव्या-सातव्या बरगडीपासून घेतलेली कूर्चा मुबलक आणि मजबूत असते. तिचा दोष म्हणजे ती वाकते. १९५८ मध्ये गिब्सन आणि डेव्हिस यांनी दाखवलं की कूर्चेच्या कडा सारख्या तासून तिचा मधला भाग वापरला तर ताण दोन्हीकडे सारखा राहतो आणि ती सरळ टिकते. आजही सर्जन तोच नियम पाळतात, तरी थोडा वाक कधीकधी येतोच. वय वाढलं की बरगडीची कूर्चा हाडासारखी कडक होऊ लागते, म्हणून मध्यमवयीन रुग्णाला आधी तपासावं लागतं. छातीवर व्रण राहतो, काही दिवस खोकताना दुखतं आणि क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होते. हे सगळं रुग्णाला आधी सांगायला हवं, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे.

श्वासाच्या बाजूनंही अति काढण्याची चूक झाली आहे. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर मांसल कडा असतात, त्या फुगल्या की लोक म्हणतात ‘नाकातलं मांस वाढलंय’. त्या आळीपाळीनं फुगतात आणि उतरतात. काही तासांनी एक नाकपुडी जड आणि दुसरी हलकी वाटते ती त्यामुळे, आणि तो रोग नव्हे. या कडा मुळापासून कापल्या तर नाक आतून रिकामं होतं आणि तरीही माणसाला श्वास कोंडल्यासारखा वाटतो. मेयो क्लिनिकच्या युजीन कर्न यांनी १९९४ मध्ये या अवस्थेला ‘रिकामं नाक’ असं नाव दिलं. हवा गेल्याचं आपल्याला कळतं ते आतल्या अस्तराला लागणाऱ्या थंडाव्यामुळे. पेपरमिंट घेतल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं तेही त्याच मज्जातंतूंमुळे. ते अस्तरच गेलं तर मोकळ्या वाटेनंही श्वास घेतल्याचं समाधान मिळत नाही. असं नाक पुन्हा भरून काढणं हे फेरशस्त्रक्रियेतलं सर्वांत कठीण काम, आणि त्याचं यश मर्यादित. म्हणून कमी कापा, हा सल्ला इथं सर्वांत आधी लागू होतो.

महाराष्ट्राचा या क्षेत्रातला एक मोठा वाटा नागपूरचा आहे. डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातल्या अशा पहिल्या विभागांपैकी तो एक. दुभंगलेला ओठ आणि टाळू हा त्यांच्या कामाचा गाभा. या मुलांचं नाक जन्मतःच एका बाजूला खचलेलं आणि पडदा कललेला असतो. बाळपणी ओठ शिवला जातो, पण नाकाची खरी घडण वाढ पुरी झाल्यावरच करता येते. त्यामुळे सोळा-अठरा वर्षांच्या वयात येणारी ही दुसरी किंवा तिसरी शस्त्रक्रिया अपयश नसून आधीच आखलेला टप्पा असतो. आईवडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर पुढचं पुष्कळ दुःख टळतं. या मुलांना श्वासाचा त्रास असतो, तो मात्र अनेकदा दुर्लक्षिला जातो, कारण सगळ्यांचं लक्ष ओठाच्या व्रणावर असतं.

आता आजच्या बाजाराकडे. सिलिकॉनचा तुकडा घालून नाक उंच करणं सोपं दिसतं. पण तो शरीराचा नसतो, काही वर्षांनीही संसर्ग होऊ शकतो आणि कातडी पातळ होत तो बाहेरही येऊ शकतो. मग तो काढून बरगडीची कूर्चा घालावी लागते, तीही व्रणांनी आक्रसलेल्या जागेत. सुईनं भरायच्या फिलरचं आकर्षण आणखी मोठं, कारण अर्ध्या तासात काम होतं. पण नाकाच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो. फिलर रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरते आणि क्वचित दृष्टीही जाते. एकदा शस्त्रक्रिया झालेल्या नाकातल्या वाहिन्यांची जागा बदललेली असते, म्हणून तिथं हा धोका वाढतो. असं नाक असलेल्या माणसानं फिलर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

किती नाकांना दुसरी शस्त्रक्रिया लागते? वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये साधारण ५ ते १५ टक्के हा आकडा दिसतो. तो सर्जनवर, रुग्णाच्या अपेक्षांवर आणि तो किती वर्षांनी मोजला यावर बदलतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये. त्याहून उपयोगी ती मोजणी रुग्णाच्या स्वतःच्या त्रासाची. २००४ पासून श्वासाच्या त्रासाची एक साधी प्रश्नावली वापरात आहे. पाच प्रश्न आणि शंभरपैकी गुण. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ती भरून घेतली तर श्वास खरंच सुधारला की नाही, हे छायाचित्रांइतकंच स्पष्ट दिसतं. चांगला सर्जन दोन्ही ठेवतो.

घाई ही फेरशस्त्रक्रियेची मोठी शत्रू. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर किमान एक वर्ष थांबावं लागतं, कारण तोवर सूज पुरती उतरत नाही आणि व्रण मऊ होत नाहीत. आपल्याकडच्या जाड कातडीत हे दीड-दोन वर्षंही चालतं. मुलीच्या लग्नाची तारीख ठरली म्हणून सहाव्या महिन्यात नाक उघडू नये. बिडी, मिश्री, तंबाखू आणि नाकात ओढायची तपकीर यांतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. आधीच व्रणांनी रक्तपुरवठा कमी झालेल्या कातडीला ते परवडत नाही. काही आठवडे आधीपासून ते बंद हवं, आणि ही सवय डॉक्टरांपासून लपवू नये. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्रीबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाहीत. डॉक्टरांनी ते विचारायला हवं.

पैशांचं गणितही आधीच करावं. आरोग्यविम्यातल्या प्रमाणित अटींनुसार केवळ रूप बदलण्याचा खर्च मिळत नाही. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला, आणि आरोग्याला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचारांना, ती अट लागू होत नाही. अपघातात मोडलेल्या नाकाची शस्त्रक्रिया याच अपवादात बसू शकते. त्यासाठी अपघाताच्या दिवसाचे कागद, श्वास अडतो हे दाखवणारी तपासणी आणि डॉक्टरांची स्पष्ट नोंद हवी. जासई-चिर्ल्याच्या माणसाला आता अटल सेतूवरून मुंबईची मोठी सरकारी रुग्णालयं पूर्वीपेक्षा जवळ आली आहेत. तिथं कान-नाक-घसा आणि प्लास्टिक सर्जरी हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. दोघांनी मिळून नाक पाहावं, अशी विनंती रुग्णानं आपणहून करावी.

लहान मुलांच्या पालकांना एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. खेळताना नाकावर मार लागला आणि मुलाच्या दोन्ही नाकपुड्या एकाएकी बंद झाल्या, आत मऊ, लालसर फुगवटा दिसला, तर पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. तीन-चार दिवसांत त्या पडद्याची कूर्चा मरते, आणि मग मोठेपणी बसकं नाक, अडलेला श्वास आणि बरगडीच्या कूर्चेची शस्त्रक्रिया असा लांबचा प्रवास सुरू होतो. ते रक्त त्याच दिवशी काढलं तर हा सगळा प्रवास टळतो. उद्यावर टाकू नका. आणि ज्यांच्या नाकावर आधी एकदा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तिचे कागद आणि शस्त्रक्रियेआधीचे फोटो जपून ठेवावेत, आणि दुसऱ्यांदा नाक उघडण्याआधी सर्जनला एक प्रश्न जरूर विचारावा: नाक असं दिसेल हे समजलं, पण मी श्वास कसा घेईन?